वर्धा रोडवरचे कप्तान

वर्ध्याहून नागपूरला निघालेली बस सेलू, केळझर, बुटीबोरी मागे टाकून जामठ्याजवळ आली की स्टेडियमचे प्रकाशझोतांचे उंच खांब लांबूनच दिसायला लागतात. हे मैदान जगाला नागपूरचं म्हणून माहीत असलं, तरी पत्ता वर्धा रोडचाच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये इथे पहिली कसोटी झाली आणि तीच सौरव गांगुलीची शेवटची कसोटी ठरली. वर्धा, पुलगाव, हिंगणघाटची माणसं या मैदानावर येतात ती असल्या मोठ्या सामन्यांना. रणजी करंडकाच्या सामन्याला पंचेचाळीस हजारांच्या या स्टेडियममध्ये सुरक्षारक्षक, काही पत्रकार, खेळाडूंचे नातेवाईक आणि दोन-चार निवृत्त रसिक यांच्यापलीकडे फारसं कोणी नसतं.

विदर्भाचा कप्तान या रिकाम्या खुर्च्यांसमोर घडतो. रस्त्यात त्याला कोणी अडवत नाही, जाहिरातीत त्याचा चेहरा नसतो. तरीही २०१८ ते २०२५ या काळात विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आणि एकदा अंतिम सामन्यात हार पत्करली. त्याआधी, १९५७-५८ मध्ये रणजीत पाऊल टाकल्यापासून साठ वर्षांत, विदर्भाने अंतिम फेरी एकदाही पाहिलेली नव्हती. हा पालट कोणी घडवला याचं उत्तर संघटना, अकादमी, प्रशिक्षक, पैसा असं वाटून देता येतं आणि ते चुकीचंही नाही. पण मैदानावर उभं राहून निर्णय घेणारे दोघेच होते, आधी फैज फझल आणि नंतर अक्षय वाडकर. त्यांपैकी फझलची गोष्ट लांब आहे.

फैज फझल ७ सप्टेंबर १९८५ रोजी नागपुरात जन्मला. डावखुरा सलामीवीर. २००३-०४ च्या मोसमात, अठराव्या वर्षी, पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने जम्मू-काश्मीरविरुद्ध १५१ धावा काढल्या. मुंबईचा मुलगा असता तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. विदर्भ तेव्हा प्लेट गटातला संघ, म्हणजे रणजीची मागची पंगत. मोठे संघ एकमेकांत झुंजायचे आणि प्लेटमधल्या धावांना निवड समिती जरा सूट देऊनच मोजायची. फझल मधले काही मोसम रेल्वेकडून खेळला, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सकडून थोडे सामने खेळला आणि पुन्हा विदर्भात परतला. धावा करत राहणं एवढाच उद्योग होता त्याचा.

मार्च २०१६ मध्ये इराणी चषकात शेष भारतापुढे रणजी विजेत्या मुंबईने ब्रेबॉर्नवर ४८० धावांचं लक्ष्य ठेवलं. चौथ्या डावात ४८० म्हणजे सामना वाचवायचा विचार करावा. फझलने १२७ धावा काढल्या आणि शेष भारताने चार गडी राखून सामना जिंकला. तीनच महिन्यांनी, इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळत असताना, त्याला झिंबाब्वे दौऱ्याचं बोलावणं आलं. १५ जून २०१६ रोजी हरारेला, धोनीच्या नेतृत्वाखाली, तो भारताकडून एकदिवसीय सामन्यात उतरला. वय तीस. तिशी ओलांडल्यावर भारताकडून एकदिवसीय पदार्पण करणारा सोळा वर्षांतला तो पहिलाच, त्याआधीचा मुंबईचा समीर दिघे. झिंबाब्वेच्या १२३ धावांचा पाठलाग के. एल. राहुल (नाबाद ६३) आणि फझल (नाबाद ५५) या दोघांनीच पुरा केला. भारत दहा गडी राखून जिंकला.

त्यानंतर भारताकडून फैज फझल पुन्हा कधीही खेळला नाही. एक सामना, एक नाबाद अर्धशतक, विषय संपला.

अशा अनुभवाने माणूस कडवट होऊ शकतो आणि कडवट कप्तान संघाला खालीच ओढतो. फझलच्या बाबतीत झालं ते वेगळं. पुढच्या तीन मोसमांत त्याच्या संघाकडे पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्याच्याहून मोठी नावं त्याच्या अवतीभवती होती आणि तो त्यांच्यात हरवला नाही, त्यांच्या वाटेतही आला नाही. कर्णधारपदाच्या वर्णनात हा गुण सहसा कोणी लिहीत नाही. आक्रमक, कल्पक, शांत असे शब्द हाताशी असतात. मोठ्या माणसांना जागा करून देणं हेसुद्धा नेतृत्वच आहे आणि ते बहुधा सगळ्यांत अवघड आहे.

ही मोठी माणसं कोण होती? पहिले चंद्रकांत पंडित. २०१७ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून आले ते मुंबईला तीनदा रणजी जिंकून देण्याची पुण्याई घेऊन. शिस्तीला कडक, ड्रेसिंग रूममध्ये आपला शब्द चालवणारे. असा प्रशिक्षक आला की बऱ्याच कप्तानांचा अहंकार दुखावतो. दुसरा वासिम जाफर, रणजीच्या इतिहासात सर्वाधिक धावांचा धनी. तो मुंबईहून विदर्भात आला, एक मोसम दुखापतीत गेला आणि २०१७-१८ मध्ये पाहुण्या खेळाडूंचं मानधन न घेता खेळला. चाळिशीला टेकलेला हा माणूस स्लिपमध्ये उभा असताना पस्तिशीच्या आतल्या कप्तानाने क्षेत्ररक्षण लावायचं. तिसरा उमेश यादव, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या खाण कामगाराचा मुलगा आणि तोवर भारताचा प्रमुख वेगवान गोलंदाज. भारतीय संघातून मोकळा झाला की यायचा, दोन-तीन सामने टाकायचा आणि परत जायचा. त्याला कधी नवा चेंडू द्यायचा आणि त्याच्यासाठी कोणत्या तरुणाला बाहेर बसवायचं, हे प्रश्न कप्तानाचेच.

यात आणखी एक थर आहे. रणजी संघांना बाहेरच्या राज्यातले काही खेळाडू करारावर घेता येतात आणि मैदानावरच्या बोलीत त्यांना ‘प्रोफेशनल’ म्हणतात. विदर्भाकडे असे बरेच येऊन गेले. चेन्नईचा बद्रीनाथ तर इथे येऊन कर्णधारच झाला होता. बाहेरचा कप्तान चालत नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने राजस्थानला प्लेट गटातून उचलून २०१०-११ आणि २०११-१२ असा सलग दोनदा करंडक मिळवून दिला. पण घरचा कप्तान असण्याचा एक फायदा कानिटकरच्या वाट्याला येत नाही. घरच्याला मागचे पंधरा पराभवही पाठ असतात.

डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स, उपांत्य सामना. समोर कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. करुण नायरच्या १५३ धावांच्या जोरावर कर्नाटकने ३०१ केल्या. पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडलेला संघ रणजीत बहुधा संपलेलाच असतो, कारण सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावाची आघाडी निकाल ठरवते. विदर्भाला जिंकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या डावात मूळचा कर्नाटकचाच गणेश सतीश ८१ धावा करून गेला, विदर्भाने ३१३ केल्या आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचं आव्हान उभं राहिलं.

चौथ्या संध्याकाळी कर्नाटक ७ बाद १११. शेवटच्या सकाळी ८७ धावा आणि तीन गडी. आकडे विदर्भाच्या बाजूचे दिसतात, पण कप्तानाच्या जागी उभं राहून पाहा. विनय कुमार, मिथुन, श्रेयस गोपाळ यांना बॅट धरता येते. क्षेत्ररक्षक जवळ ठेवले तर एकेक चौकार लक्ष्य झपाट्याने खाली आणतो. मागे ढकलले तर एकेरी धावांनी सामना हातातून सरकतो. धावा ऐंशीवरून चाळीसवर, वीसवर, दहावर येत गेल्या. फझलने चेंडू रजनीश गुरबानीच्या हातून काढला नाही. सिव्हिल इंजिनीअर झालेला हा गोरापान पोरगा त्या सामन्याआधी विदर्भाबाहेर कोणाला फारसा ठाऊक नव्हता. उरलेले तिन्ही बळी त्यानेच घेतले. कर्नाटक १९२ सर्व बाद, विदर्भ पाच धावांनी विजयी. गुरबानीचे डावात ६८ धावांत सात बळी आणि सामन्यात बारा. गोलंदाज बदलावासा वाटण्याचे क्षण त्या सकाळी पुष्कळ आले असतील. काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणूनच बदल करणारे कप्तान आपण कमी पाहिलेले नाहीत.

इंदूरचा अंतिम सामना त्यामानाने सरळ गेला, पण त्यातही एक जुगार होता. उमेश नव्हता. त्याची जागा भरायला विदर्भाने अकोल्याच्या एकोणीस वर्षांच्या आदित्य ठाकरेला पदार्पणाची टोपी दिली, तीही थेट रणजीच्या अंतिम सामन्यात. फझलने नाणेफेक जिंकून ऋषभ पंतच्या दिल्लीला फलंदाजी दिली. ध्रुव शोरेने १४५ काढल्या, पण गुरबानीने तिघांचे त्रिफळे उडवत हॅट्‌ट्रिक साधली आणि दिल्ली २९५ वर थांबली. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा तो दुसराच गोलंदाज. मग विदर्भाने ५४७ धावांचा डोंगर रचला. जाफर ७८, फझल ६७, आदित्य सर्वटे ७९, नेरळ ७४ आणि सगळ्यांत वर अक्षय वाडकर १३३. वाडकर यष्टिरक्षक, पहिलाच मोसम, पहिलंच प्रथम श्रेणी शतक. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. फझलच्या त्या मोसमातल्या धावा ९१२, शतकं पाच. प्रशिक्षकाच्या आणि जाफरच्या छायाचित्रांत या आकड्यांकडे थोडं दुर्लक्ष झालं.

पुढच्या वर्षी तेच पुन्हा. वायनाडला उपांत्य सामन्यात उमेशने बारा बळी घेऊन केरळला दोन दिवसांत गुंडाळलं. जामठ्यावरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रचा आधार म्हणजे चेतेश्वर पुजारा. आदित्य सर्वटेने त्याला दोन्ही डावांत बाद केलं, एकदा एका धावेवर आणि एकदा शून्यावर. सामन्यात त्याचे अकरा बळी. विदर्भ ७८ धावांनी जिंकला.

त्यानंतर आठवडाभरातच जामठ्यालाच इराणी चषकाचा सामना सुरू झाला, आणि तो चालू असतानाच १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा घडलं. शेवटच्या दिवशी विदर्भासमोर २८० धावांचं लक्ष्य होतं. पाच बाद २६९ वर, विजयाला अकरा धावा कमी असताना, गणेश सतीश बाद झाला आणि दोन्ही संघांनी हात मिळवून खेळ थांबवला. पहिल्या डावाच्या आघाडीवर चषक विदर्भाचाच होता. काही जणांना ही गोष्ट खटकली. अकरा धावा काढायला किती वेळ लागतो? पण नियमाने मिळालेल्या गोष्टीसाठी आणखी दोन षटकं कशाला, असा हिशेब करणारा माणूस स्वभावाने दिखाऊ नसतो. बक्षिसाचे दहा लाख रुपये संघ पुलवामातल्या शहिदांच्या कुटुंबीयांना देईल, असं फझलने जाहीर केलं.

इथे वर्ध्याचा एक जुना धागा ओढायलाच हवा. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची काही पदाधिकारी मंडळी वर्ध्याला गांधीजींना भेटायला आली होती. प्रश्न पंचरंगी सामन्यांचा होता. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’ असे धर्मावर पाडलेले संघ, आणि मुंबईत त्यांच्यासाठी उसळणारी गर्दी. सत्याग्रही तुरुंगात आणि युरोप युद्धात असताना हे सामने नकोत, हे तर गांधीजींनी सांगितलंच. कॉलेजांचे किंवा संस्थांचे संघ समजू शकतात, पण हिंदूंचा एक नि मुसलमानांचा एक असे संघ कशासाठी, हा त्यांचा खरा आक्षेप होता. सामने तरीही काही वर्षं चालले आणि १९४६ मध्ये बंद झाले. भारताचा पहिला कसोटी कर्णधार सी. के. नायडू हाही याच भागातला, १८९५ चा नागपूरचा जन्म. तो हिंदू संघाचा हुकमी खेळाडू होता. पण पोटापाण्याला होळकरांच्या चाकरीत होता आणि इंदूरच्या होळकर संघाला त्याने रणजी जिंकून दिली. प्रांताचा संघ की धर्माचा, हा प्रश्न असा त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीतही सापडतो. इंदूरच्या त्याच होळकर स्टेडियमवर फझल, जाफर, वाडकर, गुरबानी, ठाकरे, सर्वटे यांनी एका टोपीखाली करंडक उचलला, तेव्हा कोण कोणत्या धर्माचा याचा उल्लेखसुद्धा कुणाला करावासा वाटला नाही. न वाटणंच बरं.

रणजीपटूच्या पोटापाण्याचं गणित गेल्या काही वर्षांत बदललंय. २०२१ पासून चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, एकवीस ते चाळीस सामन्यांना ५० हजार आणि त्याखाली ४० हजार. चार दिवसांच्या सामन्याला ज्येष्ठ खेळाडूचे दोन लाख चाळीस हजार होतात. आयपीएलच्या तुलनेत हे चिल्लर. पण फझलने सुरुवात केली तेव्हाच्या प्लेट गटातल्या पोरांना हे आकडे स्वप्नातले वाटले असते. या पैशाने एक बरं केलं. नोकरी आणि क्रिकेट यांपैकी एक निवडायची वेळ विदर्भातल्या मुलावर आता लवकर येत नाही. दुसरी बाजू अशी की खेळाडू राज्यं बदलतो आणि कप्तानाला दरवर्षी नवा संघ समजून घ्यावा लागतो. गुरबानी आता महाराष्ट्राकडे गेलाय.

फझलचा शेवट गाजावाजा न होता झाला. २०२३-२४ च्या मोसमात कर्णधारपद वाडकरकडे गेलं होतं आणि फझल बराच काळ बाहेर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरात हरियाणाविरुद्धच्या सामन्यानंतर त्याने खेळ थांबवला. प्रथम श्रेणीत नऊ हजारांहून अधिक धावा, चोवीस शतकं. आणि हरारेचा तो एक सामना.

अक्षय वाडकरचा पिंड वेगळा. सलामीवीर कप्तान स्लिपमधून खेळ बघतो, यष्टिरक्षक कप्तान प्रत्येक चेंडू हातात घेऊनच विचार करतो. कप्तानी मिळाल्यावरच्या मोसमात तो संघाला वानखेडेवर अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथे पहिला डाव १०५ वर कोसळला आणि मुंबईने ५३८ धावांचं लक्ष्य दिलं. या टप्प्यावर हरणं नक्की असतं, कसं हरायचं एवढंच कप्तानाच्या हाती उरतं. पाचव्या सकाळी वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. दोघांची १३० धावांची भागी झाली. वाडकरने १०२ काढल्या, दुबेने ६५. पाच बाद ३५३ पर्यंत मुंबईकरांच्या कपाळावर आठ्या होत्या. वाडकर गेला आणि शेवटचे पाच गडी पंधरा धावांत संपले. मुंबई १६९ धावांनी जिंकली, त्यांचं बेचाळिसावं विजेतेपद.

वर्षभराने, फेब्रुवारी २०२५ मध्ये, जामठ्याला उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला विदर्भाने ८० धावांनी हरवलं. रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, शार्दूल असा संघ होता त्यांचा. मग केरळविरुद्ध अंतिम सामना, आणि तिथे पहिल्याच सकाळी वाडकरच्या संघाने दोन विचित्र चाली खेळल्या. फिरकी टाकणाऱ्या पार्थ रेखडेला सलामीला पाठवलं आणि वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर. रेखडे शून्यावर गेला, नळकांडे एका धावेवर. तीन बाद २४. चाल फसली की ती मूर्खपणाची होती असं म्हणणं सोपं असतं आणि या वेळी ते बरोबरच होतं. संघाला सावरलं ते दानिश मालेवार (१५३) आणि करुण नायर (८६) यांच्या दोनशेपार भागीने. हाच तो नायर, ज्याने ईडनवर विदर्भाविरुद्ध १५३ काढल्या होत्या. आणि केरळकडून ७९ धावा करून विदर्भाच्या जिवाला घोर लावणारा कोण? आदित्य सर्वटे, २०१९ चा अकरा बळींवाला. तो आता केरळचा पाहुणा होता.

विदर्भ ३७९, केरळ ३४२. आघाडी ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला तर करंडक विदर्भाचा, हे ठरलेलं. वाडकरने मग डाव सोडलाच नाही. नायरने १३५ काढल्या आणि विदर्भ पाचव्या दिवशीही खेळत राहिला. समाजमाध्यमांवर नाराजी उमटली, डाव घोषित करून मजा आणायला हवी होती म्हणे. मजा आणायची जबाबदारी कप्तानावर कोणी टाकली? एक वर्षापूर्वी वानखेडेवर पाच गडी पंधरा धावांत पडताना पाहिलेल्या माणसाने सामना कुणासाठी उघडा ठेवावा?

२ मार्च २०२५ च्या दुपारी नऊ बाद ३७५ वर हस्तांदोलन झालं. त्या वेळी एका टोकाला नाबाद ५१ वर दर्शन नळकांडे होता. तोच, जो पहिल्या सकाळी तिसऱ्या क्रमांकावर फसला होता आणि मग केरळच्या डावात तीन बळी घेऊन बसला होता. नळकांडेचा जन्म वर्ध्याचा, ४ ऑक्टोबर १९९८. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीला मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेणारा हाच. पण तो सामना विदर्भ चार धावांनी हरला होता, त्यामुळे त्या चार चेंडूंचं कौतुक अर्ध्यावर राहिलं. या वेळी मात्र अर्धशतक होताच खेळ थांबवण्यात आला. मालिकावीर हर्ष दुबे, मोसमातले बळी ६९, रणजीच्या एका मोसमातला विक्रम.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यालाच वाडकरच्या संघाने इराणी चषकात शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. अथर्व तायडेच्या १४३ धावा त्यात मोठ्या होत्या. त्या अकरांतले तिघे २०१७ च्या डिसेंबरात इंदूरला अंतिम सामना खेळलेले होते. वाडकर आणि आदित्य ठाकरे विदर्भाकडून, आणि ध्रुव शोरे दिल्लीकडून.